गाय गाभडते तेव्हा: ब्रुसेलोसिस नेमका कुठे अडवायचा

सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडली की बहुतेक गोठ्यांत पुढचा क्रम ठरलेला असतो. मेलेलं वासरू गोणपाटात गुंडाळून ओढ्याकडे किंवा उकिरड्यावर जातं. वार अडकली असेल तर गावातला कुणी जाणता उघड्या हाताने ती ओढून काढतो. जमिनीवर चार बादल्या पाणी मारलं जातं आणि ते पाणी शेजारच्या दावणीखालून वाहत जातं. कारणंही ठरलेली असतात. दुसऱ्या गाईने ढुशी मारली, पाय घसरला, चारा बाधला, नजर लागली. यातलं एखादं कधी खरंही निघतं. पण गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गाय किंवा म्हैस गाभडली तर पशुवैद्यकाच्या मनात पहिला संशय ब्रुसेलोसिसचा, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताचा येतो, आणि तो दूर होईपर्यंत तो त्या गोठ्यात हातमोज्याशिवाय हात घालत नाही.

हा आजार माणसाला होतो, पण एका माणसाकडून दुसऱ्याला जवळजवळ होतच नाही. त्यामुळे तालुक्याच्या रुग्णालयात ब्रुसेलोसिसचा रुग्ण आला की त्याच्या मागे कुठेतरी एक जनावर आहे हे जवळपास नक्की असतं. माणसांचा डॉक्टर त्या रुग्णाला बरं करू शकतो, आजार थांबवू शकत नाही. तो थांबवण्याच्या जागा गोठ्यातच आहेत. कालवड चार ते आठ महिन्यांची असताना एक, गाय गाभडते त्या दिवशी दुसरी आणि नवं जनावर विकत घेताना तिसरी.

जिवाणू वारेतच का साठतो

जिवाणूचं नाव ब्रुसेला. गाई-म्हशींत प्रामुख्याने ब्रुसेला अबॉर्टस, शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिस, डुकरांत ब्रुसेला सुइस. तिन्ही माणसाला बाधतात, त्यांतला शेळ्या-मेंढ्यांकडून येणारा सर्वांत जास्त छळतो.

गाईच्या शरीरात तो बहुतेक वेळा तोंडावाटे शिरतो. दुसऱ्या गाईची पडलेली वार चाटली, स्राव सांडलेला चारा खाल्ला, एवढं पुरतं. डोळ्यांतून आणि खरचटलेल्या कातडीतूनही जातो. आत गेल्यावर तो लसिका ग्रंथींत, पेशींच्या आत लपून बसतो आणि गाय गाभण नसेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. गाभण जनावराच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाचं साखरेच्या जातीचं एक द्रव्य तयार होतं आणि या जिवाणूला ते अतिशय मानवतं. गाभणपण पुढे सरकतं तसा तो तिथे अब्जावधींच्या संख्येने वाढतो, वार सुजते, वासराचं पोषण तुटतं आणि सातव्या-आठव्या महिन्यात गाय वासरू टाकते. सुजलेली वार सुटत नाही, म्हणून ती अडकते. माणसाच्या वारेत एरिथ्रिटॉल नसतं. तरीही गर्भवती बाईला हा ताप आला तर गर्भ पडण्याचा धोका असतोच, म्हणून तिने विण्याच्या किंवा गाभडण्याच्या कामात मुळीच हात घालू नये.

फसगत होते ती यापुढे. लागण झालेल्या बहुतेक गाई आयुष्यात एकदाच गाभडतात. पुढच्या वेताला गाय नीट विते, दूधही देते, मालकाला वाटतं झालं गेलं संपलं. जिवाणू मात्र कासेत आणि लसिका ग्रंथींत तसाच असतो. ती दर वेताला स्रावातून आणि मधूनमधून दुधातून तो बाहेर टाकत राहते, बहुतेक वेळा जन्मभर. गाभडलेली गाय निदान लक्षात तरी राहते. नंतर शांतपणे विणारी तीच गाय कळपाला जास्त महागात पडते.

वळूत वृषण सुजतं. जुन्या लागणीत काही जनावरांच्या पुढच्या गुडघ्यावर पाण्याने भरलेली मोठी गाठ येते. ती मार लागूनही येते, पण गाभडल्याचा इतिहास असलेल्या गोठ्यात अशी गाठ दिसली तर रक्त तपासून घ्यावं.

हे सगळं कळायला बराच काळ गेला. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना महिनोन्महिने येणाऱ्या तापाचा जिवाणू डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये शोधला. डेन्मार्कचा पशुवैद्यक बर्नहार्ड बँगने १८९७ मध्ये गाईंच्या गर्भपाताचा जिवाणू वेगळा केला. दोघांचा संबंध तेव्हा कुणी जोडला नाही. माल्टात १९०५ साली थेमिस्टोक्लीस झॅमितला निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात आजाराच्या खुणा सापडल्या, १९०६ मध्ये सैनिकांचं शेळीचं कच्चं दूध बंद झालं आणि छावणीतले रुग्ण झपाट्याने घटले. माल्टाचा ताप आणि गाईचा गर्भपात घडवणारे जिवाणू एकाच कुळातले आहेत, हे अमेरिकेतल्या अ‍ॅलिस इव्हान्सने १९१८ मध्ये दाखवलं. पुढे तिला स्वतःलाही हा आजार जडला. या जिवाणूवर काम करणाऱ्यांच्या बाबतीत ही नवलाची गोष्ट नाही.

गाभडली त्या दिवशी

पहिलं काम म्हणजे बाकीची जनावरं तिथून हलवणं, किंवा गाभडलेलीला दूर बांधणं. कुत्र्यांनाही लांब ठेवायचं, कारण वार ओढत शिवारभर नेणारं कुत्रं आजार पाच गोठ्यांपर्यंत पोचवतं. काही गावांत वार बोचक्यात बांधून झाडाला टांगतात. ते बोचकं गळतं, कावळे-कुत्री ते फाडतात, म्हणून गाभडलेल्या जनावराच्या बाबतीत तरी ही रीत बंद करावी.

दुसरं काम म्हणजे दवाखान्यात कळवणं. तिथे पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक असतो. फोन करायचा तो वासरू पुरण्याआधी, कारण सगळ्यांत चांगला नमुना त्या वासराच्या पोटात असतो. प्राण्यांमधील सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण कायदा २००९ सालचा आहे. अनुसूचित रोगाचा संशय असेल तर मालकाने गावपातळीवर कळवायचं आणि तिथून ते पशुवैद्यकापर्यंत जायचं, अशी त्यात तरतूद आहे. ब्रुसेलोसिस त्या अनुसूचीत आहे.

पशुवैद्यक येईपर्यंत वार ओढू नये. ही सूचना सर्वांत जास्त मोडली जाते. वार अर्धी लोंबत असते, वास सुटलेला असतो, माश्या घोंगावत असतात आणि घरच्यांना राहवत नाही. पण ओढल्याने गर्भाशय फाटतं, रक्त वाहतं आणि ओढणाऱ्याचा हात खांद्यापर्यंत जिवाणूंनी माखतो. हाताला विळ्याची एखादी चीर असेलच, गोठ्यात काम करणाऱ्या कुणाच्या हाताला नसते?

पशुवैद्यक स्वतः काय घालतो तेही पाहण्यासारखं आहे. खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा मोजा एकटा पुरत नाही. बोटांच्या टोकांशी तो फाटतो आणि आत ओल शिरली तरी कळत नाही. म्हणून त्यावरून मनगटापर्यंतचा रबरी मोजा चढवायचा. रबरी एप्रन, गमबूट, मास्क आणि डोळ्यांवर चष्मा. चष्मा सर्वांत जास्त टाळला जातो, आणि वार सुटताना उडालेला थेंब नेमका डोळ्यातच जातो. घरच्या माणसांकडे एवढं सामान नसतं. मेडिकलच्या दुकानातले हातमोजे दोन जोड्या एकावर एक, तोंडाला फडकं, साधा गॉगल आणि गमबूट एवढं तरी असावं, आणि काम संपल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत.

विल्हेवाटीसाठी विहीर, ओढा आणि वस्तीपासून दूर पाच-सहा फूट खोल खड्डा घ्यावा. तळाला चुना, त्यावर वासरू, वार, भिजलेला चारा आणि गवत, वर पुन्हा चुना, मग माती. वरून काटेरी फांद्या किंवा दगड रचले की कुत्री उकरत नाहीत. हा जिवाणू कडक उन्हात काही तासांत मरतो, पण सावलीत, ओलाव्यात आणि मेलेल्या वासराच्या शरीरात महिनोन्महिने तग धरतो. उकिरड्यावर टाकलेली वार म्हणूनच पावसाळाभर धोक्याची राहते.

जमीन निर्जंतुक करताना एक चूक हमखास होते. शेण-रक्त तसंच ठेवून वरून औषध ओतलं जातं. शेणात जंतुनाशकाचा जोर जिरून जातो. आधी सगळं खरवडून त्याच खड्ड्यात टाकायचं, मग औषध. सर्वांत सोपं म्हणजे ताजा विरलेला चुना, १० लिटर पाण्यात २ किलो. कॉस्टिक सोडा वापरायचा तर २ टक्के, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम. तो कातडी भाजतो, त्यामुळे मोजे घालूनच, आणि पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. नुसत्या वासाच्या फिनेलने समाधान होतं, काम होत नाही.

गाभडलेली गाय स्राव पूर्ण थांबेपर्यंत, साधारण चार ते सहा आठवडे, वेगळी ठेवावी. तिची धार शेवटी काढावी, चारा-पाण्याची भांडी वेगळी असावीत.

नमुना आणि चाचणी

वासराच्या चौथ्या पोटातला द्रव, वारेवरच्या गुंडीसारख्या गाठींचा तुकडा, गाईच्या योनिमार्गातला स्वाब आणि रक्त, हे घ्यायचे नमुने. रक्त ५ ते १० मिली, साध्या नळीत. नळी तिरकी ठेवून रक्त गोठू द्यायचं, वर सुटलेलं पिवळसर पाणी म्हणजे सिरम वेगळं करायचं आणि बर्फाच्या डब्यातून पाठवायचं. घाईत न गोठलेलं रक्त तसंच बर्फात खुपसलं किंवा मोटारसायकलवर हिसके खात नेलं, तर रक्तपेशी फुटून सिरम लाल होतं आणि प्रयोगशाळा नमुना नाकारते. महाराष्ट्रात असे नमुने जिल्ह्यातून पुण्याच्या औंध इथल्या रोग अन्वेषण विभागाकडे जाऊ शकतात. पश्चिम विभागाची प्रादेशिक रोगनिदान प्रयोगशाळा तिथेच आहे.

पहिली चाचणी बहुतेक वेळा रोझ बंगाल. पांढरी टाइल किंवा काचपट्टी, तिच्यावर ०.०३ मिली सिरम, शेजारी तेवढाच गुलाबी अँटिजेनचा, म्हणजे रंगवलेल्या मेलेल्या ब्रुसेला जिवाणूंच्या द्रावणाचा थेंब. काडीने दोन्ही एकत्र करून रुपयाच्या नाण्याएवढं पसरवायचं आणि पट्टी हळूहळू डोलवत चार मिनिटं बघायचं. गुलाबी थेंबात रवा पडल्यासारखे कण दिसले तर पॉझिटिव्ह, एकसारखा गुलाबी राहिला तर निगेटिव्ह. चार मिनिटांपुढे बघत बसलं तर थेंब कडेने वाळतो आणि खोटे कण दिसतात. अँटिजेन फ्रिजमधून काढून लगेच वापरलं तर खरे कणही नीट दिसत नाहीत, ते आधी खोलीच्या तापमानाला यावं लागतं. शेजारी एक नक्की पॉझिटिव्ह आणि एक नक्की निगेटिव्ह सिरम लावल्याशिवाय या चाचणीचा अर्थ लावू नये. पॉझिटिव्ह आलेल्यांची खात्री एलायझासारख्या दुसऱ्या चाचणीने करतात.

गाय गाभडली त्याच दिवशी रक्तचाचणी निगेटिव्ह येऊ शकते, कारण प्रतिपिंडं, म्हणजे जिवाणूविरुद्ध शरीर तयार करतं ती द्रव्यं, रक्तात दिसायला वेळ लागतो. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेणं म्हणूनच गरजेचं असतं. पहिल्या निगेटिव्हवर निश्चिंत झालेल्या गोठ्यात पुढच्या हंगामात दोन-तीन गाई गाभडतात, मग सगळे धावतात.

पूर्ण कळपाचा अंदाज घ्यायचा तर दुधाची रिंग चाचणी स्वस्त आणि सोपी आहे. नळीत १ मिली दूध, त्यात ०.०३ मिली निळं-जांभळं रंगवलेलं अँटिजेन, ३७ अंशांवर एक तास. दुधात प्रतिपिंडं असतील तर रंगीत जिवाणू स्निग्धाच्या कणांना चिकटून वर येतात, म्हणजे मलईचं कडं निळं आणि खालचं दूध पांढरं दिसतं. नसतील तर मलई पांढरी राहते, दूध निळसर. चीक, आटत आलेल्या गाईचं दूध आणि स्तनदाह झालेल्या सडाचं दूध यांत खोटा निकाल येतो, आणि शेळी-मेंढीच्या दुधाला ही चाचणी लागू पडत नाही. तरीही दूधसंकलन केंद्रावर रोज फॅट-एसएनएफ काढणाऱ्यांनी तीन-चार महिन्यांतून एकदा ही चाचणी लावून घेतली, तर कोणत्या गोठ्यात रक्त तपासायला जायचं हे पशुवैद्यकाला आयतं कळेल. यात खर्चापेक्षा इच्छेचा प्रश्न मोठा आहे.

पॉझिटिव्ह आल्यावर

इथे पशुवैद्यकाचं काम सर्वांत अवघड होतं. उपचार करून गाय मोकळी होत नाही. जिवाणू पेशींच्या आत असल्याने अँटिबायोटिकचे लांब कोर्स देऊनही तो उरतो, दुधात औषध उतरतं ते वेगळंच. गाय उलटते, म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नाही, या तक्रारीवर हार्मोनची इंजेक्शनं देत राहणं म्हणजे तर नुसता खर्च.

ज्या देशांनी हा आजार संपवला त्यांनी तपासणी केली, पॉझिटिव्ह जनावरं कत्तलीला पाठवली आणि मालकाला भरपाई दिली. ऑस्ट्रेलियाने १९७० मध्ये देशव्यापी मोहीम धरली आणि १९८९ मध्ये गाईंचा ब्रुसेलोसिस संपल्याचं जाहीर केलं. महाराष्ट्रात हा मार्ग गाईंसाठी बंद आहे. गाईच्या कत्तलीला १९७६च्या कायद्याने आणि वळू-बैलांच्या कत्तलीला २०१५ पासून बंदी आहे. कायदा बरा की वाईट हा वाद इथे नको, पण त्याचा रोगनियंत्रणावर होणारा परिणाम मान्य करायला हवा. पॉझिटिव्ह गाय वेगळी बांधून जन्मभर पोसणं दोन-चार गाईंवर घर चालवणाऱ्याला परवडत नाही. मग ती आठवडी बाजारात जाते, 'दोन वेतांची, दुधाला चांगली' म्हणून विकली जाते आणि आजार दुसऱ्या तालुक्यात मुक्कामाला पोचतो. अशा मालकाला नुसतं दोषी धरून भागणार नाही. खरं सांगणाऱ्याचंच नुकसान होत असेल तर लोक तपासणीच टाळतात, आणि भरपाईचा विचार झाल्याशिवाय हे बदलणं कठीण आहे.

तोवर हाताशी जे आहे ते एवढंच. पॉझिटिव्ह गाय विकायची नाही, वेगळी ठेवायची, विण्याच्या वेळी गोठ्यापासून दूर बांधायची, वार-स्राव वर सांगितल्याप्रमाणे पुरायचा, दूध उकळूनच वापरायचं आणि पुढची पिढी लसीने सुरक्षित करायची.

कालवडीची लस आणि चार महिन्यांची खिडकी

लसीचं नाव एस-१९. हा जिवंत पण दुबळा झालेला जिवाणू आहे. १९२३ मध्ये जॉन बक यांनी एका जर्सी गाईच्या दुधातून तो वेगळा केला आणि वर्षाहून अधिक काळ खोलीच्या तापमानाला पडून राहिल्यावर त्याची आजार करण्याची ताकद गेल्याचं आढळलं. शंभर वर्षांनंतरही भारतातल्या कार्यक्रमाचा आधार हीच लस आहे. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी पाच वर्षांकरिता १३,३४३ कोटी रुपये ठेवले होते. लाळ-खुरकूतीची लस वारंवार द्यावी लागते. ब्रुसेलोसिसची आयुष्यात एकदाच, चार ते आठ महिन्यांच्या गाईच्या कालवडीला आणि म्हशीच्या पारडीला.

अटी इतक्या कडक का, हे मालकांना कुणी सांगत नाही, म्हणून गोंधळ होतो. नर वासराला दिली तर लसीचाच जिवाणू वृषणात घर करू शकतो. गाभण गाईला दिली तर ती गाभडू शकते. मोठ्या जनावराला दिली तर रक्तातली प्रतिपिंडं दीर्घकाळ टिकतात आणि पुढे चाचणी पॉझिटिव्ह आली की ती लसीमुळे की आजारामुळे हे सांगता येत नाही. चार महिन्यांच्या आत आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं लसीला आड येऊ शकतात. उरते ती चार महिन्यांची खिडकी.

आता हिशेब करा. लसीकरण पथक गावात दर सहा महिन्यांनी येतं असं धरू. पथक आलं त्या दिवशी तीन महिन्यांची असलेली कालवड लहान म्हणून सुटते, आणि पुढच्या फेरीला ती नऊ महिन्यांची झालेली असते, म्हणून पुन्हा सुटते. फेरीच्या दिवशी दोन ते चार महिन्यांच्या असलेल्या सगळ्या कालवडींचं हेच होतं. वर्षभर सारख्या प्रमाणात वासरं जन्मली तर तिसरा हिस्सा लसीवाचून राहतो, आणि यात कुणी कामचुकारपणा केलेला नसतो. फेऱ्या दर चार महिन्यांनी झाल्या तरच प्रत्येक कालवड एकदा तरी खिडकीत सापडते. म्हणून पथकाची वाट पाहण्यापेक्षा मालकाने कालवडीची जन्मतारीख भिंतीवर लिहावी आणि पाचव्या महिन्यात स्वतः दवाखान्यात चौकशी करावी. लसीच्या कुपीत अनेक मात्रा असतात आणि विरघळवलेली लस काही तासांतच वापरावी लागते, त्यामुळे एका कालवडीसाठी कुपी फोडायला डॉक्टर कचरतो. आळीतल्या चार-पाच कालवडी एकत्र केल्या की काम होतं.

लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. विरघळवण्याचं द्रावणही थंडच हवं, कुपी जोराने हलवायची नाही, उन्हात धरायची नाही. मात्रा साधारण २ मिली, मानेजवळ कातडीखाली. जिवंत लस असल्याने त्याच सुमारास अँटिबायोटिक चालू असेल तर लस मरते आणि कालवड लस घेतलेली पण असुरक्षित राहते. टोचल्यावर एक-दोन दिवस ताप, जागेवर थोडी गाठ, हे चालतं. कानातल्या १२ अंकी टॅगवर नोंद झालेली पाहूनच पथकाला निरोप द्यावा. लसीनंतर काही महिने रक्तचाचणी पॉझिटिव्ह येते, आणि ही नोंद नसेल तर निरोगी कालवडीवरही विनाकारण ठपका बसतो.

लस शंभर टक्के संरक्षण देत नाही. पण लस घेतलेल्या गाईत गाभडण्याचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि कमी गाभडणं म्हणजे गोठ्यात कमी जिवाणू सांडणं. शेळ्या-मेंढ्या या लसीकरणात नाहीत, ही मोठी उणीव आहे. मेंढपाळांच्या कळपात वावरणाऱ्या माणसांपर्यंत तपासणी पोचावी लागेल ती यासाठीच.

विकत घेताना, वळू लावताना

कळपात आजार आणण्याचा सर्वांत खात्रीचा रस्ता म्हणजे गाभण कालवड विकत घेणं. आईकडून लागण झालेल्या काही थोड्या कालवडी पहिल्या वेतापर्यंत चाचणीत निगेटिव्ह राहतात. घेण्याआधी रक्त तपासावं, आणल्यावर महिनाभर वेगळी बांधावी, मग पुन्हा तपासावं, आणि गाभण असेल तर वितेपर्यंत वेगळीच ठेवून विल्यानंतर तिसऱ्यांदा तपासावं. कटकट आहे, पण पूर्ण गोठा गाभडण्यापेक्षा कमी.

रेतनकेंद्रांतल्या वळूंची ब्रुसेलोसिससाठी ठरावीक काळाने तपासणी होते, गावच्या वळूची होत नाही. मात्र दूषित रेत कृत्रिम रेतनाने थेट गर्भाशयात सोडलं गेलं तर लागण नैसर्गिक रेतनापेक्षा सहज होते. म्हणून रेतमात्रा कुठल्या केंद्राची आहे हे विचारावंच.

दूध

धारोष्ण दुधाचं कौतुक आपल्याकडे जुनं आहे, पण या आजारापुरतं ते सोडून द्यावं. ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलेल्या दुधात ब्रुसेला टिकत नाही. घरी एक नीट उकळी पुरते. दूध आणल्याआणल्या तापवायचं ही मराठी घरातली सवय शहरातल्या ग्राहकाला बहुतांशी वाचवते. दही तापवलेल्या दुधाचं, तूप तर कढवलेलंच असतं. त्यामुळे आपल्याकडे दुधापेक्षा वारेशी, स्रावाशी आणि मेलेल्या वासराशी आलेला संपर्क हा मोठा धोका आहे, आणि तो गोठ्यातली माणसं, कत्तलखान्यातले कामगार, पर्यवेक्षक आणि पशुवैद्यक यांच्या वाट्याला येतो. चीज आवडीने खाणाऱ्यांनी मात्र ते कच्च्या दुधाचं आहे का ते विचारावं.

माणसाचा ताप

लागण झाल्यापासून साधारण एक ते चार आठवड्यांत, कधी काही महिन्यांनी, ताप सुरू होतो. तो चढतो-उतरतो, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येतो, कंबर आणि सांधे धरतात, भूक मरते, पुरुषांत वृषण सुजू शकतं. टायफॉइड किंवा मलेरिया समजून पाच-सात दिवसांची औषधं मिळतात, ताप दबतो आणि पुन्हा उलटतो. मणक्यात आजार गेला तर क्षयरोग समजला जातो. योग्य उपचार साधारण सहा आठवड्यांचा असतो आणि दोन औषधं एकत्र द्यावी लागतात. डॉक्सीसायक्लिनबरोबर रिफाम्पिसिन, किंवा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. हे डॉक्टरच ठरवेल. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या आठवड्यात गोळ्या बंद करणाऱ्यांना आजार परत येतो. रक्ताचं कल्चर लावायचं असेल तर संशय ब्रुसेलोसिसचा आहे हे प्रयोगशाळेला आधी सांगावं, कारण वाढवलेला जिवाणू तिथल्या तंत्रज्ञालाही लागतो.

लस टोचताना सुई स्वतःच्या बोटात घुसणं किंवा लस डोळ्यात उडणं हा पशुवैद्यकांचा नेहमीचा अपघात आहे. जागा लगेच साबण-पाण्याने, डोळा असेल तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. सहसा तीन आठवड्यांची प्रतिबंधक औषधं देतात. 'लसच तर आहे' म्हणून हसण्यावारी नेऊ नये, गाईसाठी दुबळा केलेला हा जिवाणू माणसाला आजारी पाडतो.

नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. जनावर, माणूस आणि परिसर यांचं आरोग्य एकत्र पाहायचं, ही त्यामागची कल्पना. ती तालुक्यात उतरायची असेल तर फार काही लागत नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरने दोन आठवड्यांहून जुन्या तापाच्या प्रत्येक रुग्णाला विचारावं की घरी जनावरं आहेत का, त्यांतलं एखादं गेल्या काही महिन्यांत गाभडलं का, वार कुणी काढली. पशुवैद्यकाने गोठा पॉझिटिव्ह आल्यावर घरात कुणाला ताप आहे का हे विचारून रुग्णालयात कळवावं. एकाकडे गाभडल्याची तारीख असते, दुसऱ्याकडे ताप सुरू झाल्याची. त्या शेजारी शेजारी लिहिल्या आणि मधलं अंतर काही आठवड्यांचं निघालं, तर त्या माणसाचं आणि त्या गोठ्यातल्या प्रत्येक जनावराचं रक्त त्याच आठवड्यात तपासणीला जायला हवं.